करार कोणाशी आणि मदत कशाला?

"विज्ञानाला सीमा नसतात, हे मी भाषणातलं वाक्य म्हणून बोलत नाहीये," डॉक्टर म्हणाली आणि तिथून वादाला तोंड फुटलं.

डॉक्टर म्हणजे आमच्यातली पदार्थविज्ञानवाली. वकीलबाई आंतरराष्ट्रीय कायदा शिकवते. मास्तर इतिहासाचे, आम्हा सगळ्यांपेक्षा वडील. चौथा मी. विषय होता युद्धात उतरलेल्या देशांतल्या विद्यापीठांशी संशोधनाचे करार ठेवावेत की मोडावेत.

"युक्रेनवर हल्ला झाल्यावर, 2022च्या मार्चमध्ये, सर्नने, म्हणजे युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेने, रशियाचा निरीक्षक दर्जा स्थगित केला," डॉक्टर सांगत होती. "30 नोव्हेंबर 2024ला सहकार्याचे करारही संपले. रशियन संस्थांशी जोडलेल्या पाचशेच्या आसपास लोकांवर त्याचा परिणाम झाला. आणि युद्ध सुरू होताच हजारो रशियन शास्त्रज्ञांनी विरोधाच्या पत्रावर सह्या केल्या होत्या. नोकरी जाईल, अटक होईल हे दिसत असताना केल्या होत्या. अशा माणसांना आपण काय कळवलं? की तुम्हीही बाहेर व्हा!"

"अगं, पण त्याच मार्चमध्ये रशियातल्या शेकडो कुलगुरूंनीही एका निवेदनावर सह्या केल्या होत्या," मास्तर म्हणाले. "ते होतं युद्धाच्या बाजूचं. युरोपियन युनिव्हर्सिटी असोसिएशनने 12 रशियन विद्यापीठांचं सदस्यत्व स्थगित केलं ते त्यांच्या प्रमुखांच्या सह्यांमुळे. एकट्यादुकट्या संशोधकाची त्यात काही चूक नव्हती, आणि त्याला शिक्षाही नव्हती."

मास्तरांना 1914 आठवल्याशिवाय राहत नाही. त्या साली जर्मनीतल्या 93 नामवंतांनी जाहीरनामा काढून आपल्या सैन्याने बेल्जियममध्ये काही वावगं केलं नसल्याचं जगाला सांगितलं. सही करणाऱ्यांत भौतिकशास्त्रज्ञ प्लांक होते, रसायनशास्त्रज्ञ हाबरही होते. आइनस्टाइन यांनी उलट बाजूच्या पत्रकावर सही केली आणि त्यांना जेमतेम दोन-तीन साथीदार मिळाले. पुढच्याच वर्षी, 22 एप्रिल 1915ला, बेल्जियममधल्या ईप्रला जर्मन सैन्याने क्लोरीन हा विषारी वायू सोडला. ती तयारी हाबर यांच्या देखरेखीखाली झाली होती.

"मग युद्धानंतर 1919 साली आंतरराष्ट्रीय संशोधन परिषद निघाली आणि जर्मनांना दार बंद झालं," मास्तर म्हणाले. "ते 1926पर्यंत बंदच होतं. डॉक्टर, इथे मी तुझ्या बाजूचा आहे. त्या बहिष्काराने हाबरसारख्यांचं फारसं काही बिघडलं नाही. हाबर यांना तर 1918चं नोबेल मिळालं. भरडली गेली ती पुढची पिढी."

वकीलबाई इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "तुम्ही दोघं बक्षीस आणि शिक्षा या भाषेत बोलताय. कायदा ते विचारतच नाही. कायदा विचारतो, तुम्ही मदत करताय का?"

माझ्या मते इथे चर्चा खऱ्या अर्थाने रुळावर आली. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने 2001 साली राज्यांच्या, म्हणजे सार्वभौम देशांच्या, जबाबदारीविषयीची कलमं मांडली. त्यातलं 16वं कलम म्हणतं की दुसऱ्या देशाच्या बेकायदा कृत्याला, परिस्थिती ठाऊक असताना, साहाय्य करणारा देशही जबाबदार ठरतो. 41वं कलम त्याहून कडक आहे. वंशसंहार किंवा बळाने भूभाग बळकावण्यासारख्या गंभीर उल्लंघनातून तयार झालेली परिस्थिती टिकवायला कोणीच मदत करायची नाही, आणि इथे 'ठाऊक असताना' ही अटही वेगळी लिहिलेली नाही. एवढं मोठं उल्लंघन कोणाला ठाऊकच नसेल, हे कल्पनेतही बसत नाही.

"म्हणून 19 जुलै 2024चं मत महत्त्वाचं," वकीलबाई म्हणाली. "पॅलेस्टिनी भूभागात इस्रायलने चालू ठेवलेली उपस्थिती बेकायदा आहे, असं आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं. ती टिकवायला कोणत्याही राज्याने साहाय्य करू नये, हेही 12 विरुद्ध 3 मतांनी सांगितलं."

"राज्याने," डॉक्टरने लगेच पकडलं. "विद्यापीठ म्हणजे राज्य नव्हे."

"खासगी असेल तर थेट नाही, मान्य. पण सरकारी विद्यापीठ बऱ्याच ठिकाणी राज्ययंत्रणेचाच भाग धरलं जातं. आणि संशोधनाचा निधी सरकारी असेल तर तो देणारं राज्यच असतं ना?"

डॉक्टर क्षणभर थांबली आणि तिने तिचा सगळ्यात अवघड मुद्दा काढला. "बरं, मदत म्हणजे नेमकं काय? ड्रोनला वाऱ्यात स्थिर ठेवणारं गणित पिकांची पाहणी करायला लागतं आणि बॉम्ब टाकायलाही. 'होरायझन युरोप' या युरोपीय संघाच्या संशोधन निधीचा नियम आहे की संशोधन निव्वळ नागरी उपयोगाचं हवं. प्रस्तावात सगळेच नागरी उपयोग लिहितात, मीही लिहिला असता. पुढे त्याचं काय होतं ते माझ्या हातात नाही."

"नागरी उपयोग लिहिला म्हणून काम संपत नाही. समोरची प्रयोगशाळा आणखी कोणासाठी काम करते, हे विचारणं तुझ्या हातात आहे," मी म्हणालो. हिब्रू विद्यापीठात तालपियोत नावाचा कार्यक्रम 1979पासून आहे. निवडक हुशार मुलं तिथे भौतिकशास्त्र आणि गणित शिकतात आणि लष्करी संशोधनात जातात. ही काही गुपित गोष्ट नाही. अशा ठिकाणी प्राचीन हस्तलिखितांवरचा करार आणि सेन्सरवरचा करार एकाच फुटपट्टीने मोजता येणार नाहीत.

वकीलबाईने आणखी एक उदाहरण दिलं, ते मला नवीन होतं. सांस्कृतिक संपत्तीविषयीच्या 1954च्या हेग कराराला 1999 साली दुसरा प्रोटोकॉल जोडला गेला. त्यानुसार व्याप्त, म्हणजे दुसऱ्या देशाच्या लष्करी ताब्यातल्या, प्रदेशात पुरातत्त्वीय उत्खनन करायला मनाई आहे. वारसा वाचवण्यासाठी किंवा नोंदवण्यासाठी अगदी अपरिहार्य असेल तेवढीच सूट. म्हणजे इथे कुदळ मारणं हेच उल्लंघन! रशियाने युक्रेनकडून बळकावलेल्या क्रिमियात 2014नंतरही उत्खननं चालू राहिली. रशिया त्या प्रोटोकॉलचा सदस्य नाही, पण सदस्य देशातल्या विद्यापीठाने तिथे भागीदार म्हणून जाण्याआधी दहादा विचार करायला हवा.

यानंतर सगळ्यात जास्त आवाज चढले ते स्पेनवरून. मे 2024मध्ये तिथल्या कुलगुरूंच्या परिषदेने जाहीर केलं की ज्या इस्रायली विद्यापीठांनी शांततेची आणि मानवतावादी कायद्याची ठाम बांधिलकी व्यक्त केलेली नाही, त्यांच्याशी असलेले करार तपासू आणि गरज पडल्यास थांबवू. मास्तरांना ते पटलं, डॉक्टर मात्र उसळली. "हे तर शपथपत्र मागणं झालं! सरकारविरुद्ध बोलल्यावर जिथे नोकरी जाते तिथला कुलगुरू काय बोलणार? आणि जो गोड बोलेल तो सुटणार."

या मुद्द्यावर मी पूर्णपणे डॉक्टरबरोबर आहे. संस्था काय बोलते यापेक्षा ती काय करते ते पाहावं. शस्त्र बनवणाऱ्या कंपनीशी तिचा करार आहे का, तिची इमारत व्याप्त जमिनीवर आहे का, हे कागदावर तपासता येतं. युरोपीय संघाने 2014पासून व्याप्त प्रदेशातल्या इस्रायली संस्थांना अनुदान नाकारलं, तेव्हा कोणाचं मन तपासलं नव्हतं, पत्ता तपासला होता. नुसता पत्ता पुरेसा नाही, पण सुरुवात तरी योग्य जागेवरून झाली होती.

मला जास्त चीड आहे ती निवडक घाईची. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने मॉस्कोजवळच्या स्कोल्टेक या तंत्रविद्यापीठाशी संबंध तोडले ते 25 फेब्रुवारी 2022ला, आक्रमणाच्या दुसऱ्याच दिवशी. आणि गाझा? जानेवारी 2024मध्ये अल-इस्रा विद्यापीठाची इमारत स्फोटकं लावून पाडली गेली. एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी 95 प्राध्यापक मारले गेल्याचं नोंदवलं. तरी युरोपीय आयोगाने होरायझनमधल्या इस्रायलच्या सहभागावर अंशतः स्थगिती सुचवली ती जुलै 2025मध्ये, तीही नवउद्योगांच्या निधीपुरती, आणि तेव्हा सदस्य देशांचं पुरेसं बहुमतसुद्धा जमलं नाही. ज्या कायद्याचं नाव घेऊन एक दार एका दिवसात बंद होतं, त्याच कायद्याला दुसऱ्या दाराशी दीड वर्ष ताटकळत ठेवलं, तर विद्यार्थी त्यावर विश्वास का ठेवतील?

"सगळं ठीक," डॉक्टर म्हणाली, आता जरा हळू. "पण एखादी मुलगी दोन विद्यापीठांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करतेय, तीन वर्षं झालीत, आणि करार तुटला. तिने काय करायचं?"

वकीलबाईने आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या 1971च्या नामिबियाविषयीच्या मताची आठवण दिली. दक्षिण आफ्रिकेचा तिथला कारभार बेकायदा ठरवताना न्यायालयाने बजावलं होतं की अमान्यतेचा फटका नामिबियाच्या जनतेला बसता कामा नये. जन्म, मृत्यू, विवाह यांच्या नोंदी त्यांनी अपवाद म्हणून सांगितल्या. "ते रहिवाशांसाठी होतं, पण धागा तोच. संस्थेशी नातं थांबलं तरी विद्यार्थिनीचं मार्गदर्शन, तिचा डेटा, तिची पदवी चालू राहील, हे करारात सही होण्याआधी लिहायचं. नंतर दयेने द्यायची गोष्ट नाही ती."

"आणि थांबायचं केव्हा, तेही आधीच लिहा," मास्तर म्हणाले.

"पुढच्या कराराचा मसुदा माझ्याकडेच येणार आहे," डॉक्टर म्हणाली. "विद्यार्थ्यांचं कलम घालते. थांबण्याचं कलमही घालते, पण त्यात देशाचं नाव नको, कृत्य लिहू. सरसकट बहिष्कार मला अजून मान्य नाही."

"सरसकट कोणी मागितलाय?" वकीलबाई म्हणाली. "मसुदा मला पाठव, थांबण्याचं कलम मी तपासते."