वसाहत परत करताय? आधी पासपोर्टांचं बघा

एखादी वसाहत ठरल्या तारखेला दुसऱ्याच्या हवाली करायची आहे आणि तिथल्या लोकांचा भविष्यावरचा विश्वासही टिकवायचा आहे? मग ब्रिटिशांनी हाँगकाँग १९९७ला चीनच्या हवाली करताना केलं तसं करा.

वाटाघाटी रंगात येण्याआधीच नागरिकत्वाची वाटणी उरकून घ्या. १ जानेवारी १९८३ला नवा कायदा लागू झाला आणि कालपर्यंत ‘युनायटेड किंग्डम व वसाहतींचे नागरिक’ असलेले हाँगकाँगकर नुसते ‘अवलंबी प्रदेशांचे नागरिक’ उरले. ब्रिटनमध्ये जाऊन राहण्याचा हक्क या नावात नसतो. दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड या दुसऱ्या ब्रिटिश वसाहतीवाल्यांना मात्र त्याच वर्षी पूर्ण नागरिकत्व देऊन टाका. ते जेमतेम दोन हजार, हे पन्नास लाखांवर. मन मोठं करायचं ते डोकी मोजून.

चीनशी १९८४चा हस्तांतराचा करार झाला की नवं नाव काढा: ब्रिटिश नॅशनल ओव्हरसीज, म्हणजे बीएनओ. पासपोर्टावर राजचिन्ह ठसठशीत हवं. आतल्या पानावर शेरा मारा, की धारकाच्या ओळखपत्रानुसार त्याला हाँगकाँगमध्ये राहण्याचा हक्क आहे. राहत्या घरात राहायची परवानगी! हा दर्जा मुलांना मिळणार नाही, हे कलम विसरू नका. धारक एकेक करून जातील, प्रश्नही जाईल.

तरी १९८९ला बीजिंगमध्ये तिआनानमेन चौकाचं हत्याकांड होतं आणि पुढच्या वर्षी साठ हजारांवर माणसं बाहेर पडतात. कारण साधं आहे. कॅनडाचं नागरिकत्व हवं तर आधी तिकडे जाऊन वर्षं काढावी लागतात. परका पासपोर्ट म्हणजे विमा, आणि त्याचा हप्ता भरायलाच घर सोडायचं. यावर उतारा म्हणजे १९९०चा कायदा: ५०,००० कुटुंबप्रमुखांना, बायकामुलांसह, जागेवर बसून पूर्ण नागरिकत्व. पळायची सोय द्यायची, ती पळू नये म्हणून. निवड गुणांवर करा. वयाला जास्तीत जास्त २००, अनुभवाला १५०, इंग्रजीला ५०. उतारवयातल्यांनी विश्वास फुकटात ठेवावा.

पोर्तुगालकडे चुकूनही बघू नका. त्यांनी हाँगकाँगशेजारच्या आपल्या मकाव वसाहतीत २० नोव्हेंबर १९८१पूर्वी जन्मलेल्यांना सरसकट नागरिक मानलं. गोव्यात तर आजोबांच्या जन्मदाखल्यावर नातवंडं अजून लिस्बनचे कागद रंगवतात. असला गलथानपणा तुम्हाला परवडायचा नाही.

सगळं हाताबाहेर गेलंच, तर ३१ जानेवारी २०२१सारखा दिवस निवडून बीएनओवाल्यांना व्हिसा खुला करा. चीन त्याच दिवसापासून तो पासपोर्ट मानायचा बंद करील. त्याला इलाज नाही. २०२१मध्ये घेतले तसे पाच वर्षांचे २५० पाउंड घ्या, वर आरोग्य अधिभार दर प्रौढामागे, वर्षाला तेव्हाचे ६२४. पावती जपून ठेवायला सांगा.