व्हिसाच्या अर्जासोबतचे पत्र आपण स्वतः लिहावे

मुलगी लिस्बनला नोकरी करते, भाचा पॅरिसला शिकतो, किंवा निवृत्तीनंतर पतिपत्नींना एकदा युरोप पाहायचा आहे, अशा निमित्ताने गोव्यातील अनेक कुटुंबे शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे एकाच व्हिसावर युरोपातील अनेक देशांत जाण्याच्या परवान्याच्या, तयारीला लागतात आणि पहिला फोन एजंटला करतात. अपॉइंटमेंट मिळवून देण्यासाठी किंवा फॉर्म भरून देण्यासाठी एजंटची मदत घेण्यात मला काही गैर वाटत नाही. मात्र अर्जातून काय सांगायचे आहे हे अर्जदाराने स्वतः ठरवावे आणि सोबतचे पत्र स्वतः लिहावे, असे माझे ठाम मत आहे. गोव्यातील माणसाने तर ते लिहायलाच हवे, कारण आपले कागद इतर राज्यांतील कागदांसारखे नसतात, आणि ते वेगळे का आहेत हे मुंबईच्या किंवा दिल्लीच्या कार्यालयात बसलेल्या अधिकाऱ्याला आपल्याखेरीज दुसरे कोणी समजावून सांगणार नाही.

नियमांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते कठीण नाहीत. शेंगेन क्षेत्रात आज 29 देश आहेत आणि अल्पमुदतीच्या व्हिसावर कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णय सामान्यतः 15 दिवसांत होतो, पण चौकशी वाढल्यास 45 दिवसही लागू शकतात, त्यामुळे मे महिन्यात निघणाऱ्याने एप्रिलची वाट पाहू नये. प्रौढांसाठी शुल्क जून 2024 पासून 90 युरो आहे. प्रवासी विमा किमान 30,000 युरोंचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रात, मुक्कामाचे सर्व दिवस लागू असणारा हवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध राहावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा, आणि मुक्काम सारखाच असेल तर ज्या देशात प्रथम उतरणार त्याच्याकडे. व्हिसा लवकर मिळतो म्हणून एका देशाकडे अर्ज करून सुट्टी दुसऱ्याच देशात घालवण्याचा सल्ला काही जण देतात, तो कृपा करून ऐकू नये.

एवढे सांभाळल्यावर खरे काम सुरू होते. अर्जदार कशासाठी जातो आहे, तिथला खर्च कसा भागवणार आहे आणि मुदत संपण्यापूर्वी तो परतेल का, या तीन प्रश्नांची उत्तरे अधिकारी कागदांत शोधतो. अनेकदा मुलाखत होतच नाही, म्हणजे खुलासा करण्याची वेगळी संधी मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

आता गोव्याकडे वळतो. आपल्याकडे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कायदा आजही चालतो, आणि लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता समाईक मानली जाते. त्यामुळे 1961 च्या प्राप्तिकर कायद्यात कलम 5अ आले, ज्यानुसार पगार वगळता इतर उत्पन्न दोघांच्या विवरणपत्रांत निम्मे-निम्मे दाखवावे लागते. याचा व्हिसाच्या अर्जावर काय परिणाम होतो ते पाहा. म्हापशात दुकान चालवणाऱ्या गृहस्थांच्या विवरणपत्रात दुकानाचे निम्मेच उत्पन्न दिसते, आणि उरलेले निम्मे त्यांच्या पत्नीच्या विवरणपत्रात, जिने अर्जात स्वतःचा व्यवसाय ‘गृहिणी’ असा लिहिलेला असतो. हा कायदा ठाऊक नसलेल्या वाचकाला पतीचे उत्पन्न कमी आणि पत्नीचे संशयास्पद वाटणे स्वाभाविक आहे. पतिपत्नींपैकी एकच जण जाणार असला तरी दोघांचीही विवरणपत्रे जोडावीत आणि पत्रात दोनतीन वाक्यांत हे कलम समजावून सांगावे. त्यासाठी इंग्रजी साधे असले तरी पुरते.

कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेच्या, उत्पन्नाचेही असेच आहे. फोंडा, सत्तरी किंवा काणकोणातील बागायतदाराचे सुपारी-नारळाचे उत्पन्न शेतीचे म्हणून करमुक्त असते, त्यामुळे नुसते करपात्र उत्पन्न पाहिले तर घर कशावर चालते ते कळत नाही. बागायतदार संस्थेला सुपारी दिल्याच्या पावत्या, त्या रकमा जमा झालेले बँकेचे खाते आणि जमिनीचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातील जमिनीच्या सरकारी नोंदीचा कागद) एकत्र ठेवले की उत्पन्न दिसते आणि परत येण्याचे कारणही दिसते. झाडे सांभाळायला माणूस घरी हवा असतो, हे पत्रात लिहायला संकोच कशाला वाटावा? एक-चौदाच्या उताऱ्यावर आजोबांचे किंवा अनेक भावंडांचे नाव असेल, तर आपला त्या जमिनीशी संबंध काय, तेही एका वाक्यात सांगावे.

किनारपट्टीवर गेस्ट हाउस, शॅक किंवा टॅक्सी चालवणाऱ्यांचा हंगाम ऑक्टोबरपासून मेपर्यंत असतो. पावसाळ्यात हाती वेळ असतो म्हणून ते सप्टेंबरमध्ये अर्ज करतात आणि यादीत मागितले आहे तेवढेच, म्हणजे मागच्या काही महिन्यांचे बँक स्टेटमेंट जोडतात, ज्यात जवळजवळ काहीच जमा झालेले नसते. त्यांनी पूर्ण वर्षाचे स्टेटमेंट द्यावे आणि हंगामाचे महिने पत्रात नमूद करावेत.

नावांचा प्रश्न ज्येष्ठांच्या बाबतीत अधिक येतो. 19 डिसेंबर 1961 पूर्वी जन्मलेल्यांची जन्मनोंद पोर्तुगीज भाषेत आहे, आणि त्यांचे आडनाव एका कागदावर पोर्तुगीज वळणाने तर दुसऱ्यावर इंग्रजी वळणाने लिहिलेले असते. नाईकांच्या नावात कुठे ‘क्यू’ येतो आणि कुठे ‘के’, तर कामतांचे जुन्या कागदांत कामोतीं झालेले असते. आईच्या पासपोर्टवरचे आडनाव आणि निमंत्रण देणाऱ्या मुलाच्या जन्मदाखल्यावरचे तिचे आडनाव जुळत नसेल, तर ते नातेच सिद्ध होत नाही. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून आधीच करून घ्यावे.

दोन सल्ले मात्र मला मनापासून घातक वाटतात. पहिला, अर्जाच्या आठवडाभर आधी नातेवाइकांकडून चारपाच लाख रुपये घेऊन खात्यात भरण्याचा. ती रक्कम कुठून आली याचे उत्तर देता येत नसेल, तर ती नसलेली बरी. रोज थोडे थोडे जमा होणारे आणि खर्च होणारे खाते अधिक विश्वासार्ह असते. खर्च मुलगाच करणार असेल तर तसे सरळ सांगून त्याचे पत्र आणि त्याच्या उत्पन्नाचा पुरावा जोडावा. दुसरा सल्ला, कधीच राहायचे नसलेल्या हॉटेलांची खोटी आरक्षणे जोडण्याचा. रद्द करता येणारे खरे आरक्षण सहज मिळते, आणि मुलीच्या घरी राहणार असू तर तिथलाच पत्ता द्यावा. कागद खोटा निघाला तर केवळ हा व्हिसा जात नाही, त्या नकाराची नोंद युरोपच्या सामाईक व्हिसा प्रणालीत पाच वर्षांपर्यंत राहते आणि इतर शेंगेन देशांनाही दिसते. उलट नियमाने केलेल्या प्रवासाचाही पुढे उपयोग होतो. एप्रिल 2024 पासून भारतीयांसाठी लागू झालेल्या पद्धतीनुसार, मागील तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून ते नीट वापरलेल्या अर्जदाराला दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा व्हिसा मिळू शकतो.

आणि नकार आलाच, तर ते पत्र रागाने फेकून देऊ नये. छापील कारणांपैकी नेमक्या कोणत्या कारणापुढे खूण केली आहे ते पाहावे. अपील करण्याचा अधिकार असतो आणि त्याची मुदत त्याच पत्रात दिलेली असते. नवा अर्जही करता येतो, परंतु तेच कागद पुन्हा त्याच क्रमाने पाठवण्यात अर्थ नाही. नव्या पत्राच्या पहिल्या परिच्छेदात आधीच्या नकाराचा उल्लेख करावा, त्या कारणाला उत्तर द्यावे आणि उत्तराला आधार देणारा कागद त्या पत्राच्या लगेच मागे लावावा.