नव्या स्टेडियमने प्रेक्षक वाढतात? आधी जुन्या मैदानाचे आकडे बघा

फुटबॉलप्रेमींमध्ये सध्या एक मजकूर हातोहात फिरतोय. त्याचा आशय असा: क्लबला प्रेक्षक हवे असतील तर नवं, मोठं स्टेडियम बांधा. इंग्लंडच्या संडरलंडने बांधलं, मिडल्सब्रोने बांधलं, ब्रायटनने आणि इटलीच्या युव्हेंटसने बांधलं, आणि चारही ठिकाणी सरासरी प्रेक्षकसंख्या एका वर्षात झपाट्याने वाढली. खुर्च्या वाढल्या की माणसं येतात, सोयी चांगल्या असल्या की ती टिकतात, आणि जुन्या मैदानासाठी गळे काढणारे वर्षभरात नव्या जागेला सरावतात.

यातली वाढ खरी आहे, म्हणून मजकूर पटतो. तिचं कारण मात्र चुकीचं सांगितलंय, आणि ही चूक महागात पडते. याच समजुतीवर विसंबून बांधकामाला हात घातलेले क्लब बुडालेले आहेत. त्यामुळे एकेक मुद्दा घेऊन बोलायला हवं.

सुरुवात संडरलंडपासून करू, कारण मजकुरातलं सगळ्यात भक्कम उदाहरण तेच. रोकर पार्क या जुन्या मैदानावरचा शेवटचा हंगाम १९९६-९७. संघ प्रीमियर लीगमध्ये, सरासरी प्रेक्षक २१ हजारांच्या आसपास. पुढच्या हंगामात स्टेडियम ऑफ लाइट उघडलं. संघ तोवर खालच्या लीगमध्ये घसरला होता, तरी सरासरी ३३ हजारांवर गेली. आता रोकर पार्कमध्ये शेवटी शेवटी माणसं मावत किती होती ते बघा: साडेबावीस हजारांच्या आसपास. म्हणजे मैदान जवळपास रोज भरतच होतं. याच मैदानावर १९३३ साली डर्बी काउंटीविरुद्धच्या एफए कपच्या सामन्याला ७५,११८ माणसं आली होती. तेव्हा लोक पायऱ्यांवर दाटीवाटीने उभे राहून सामना बघायचे. पुढे सुरक्षेचे नियम कडक होत गेले. १९८९ला हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत ९७ जणांचा जीव गेला आणि त्यानंतर आलेल्या टेलर अहवालाने मोठ्या मैदानांवर प्रत्येक प्रेक्षकाला खुर्ची हवी असं सांगितलं. जुनी मैदानं आक्रसली. शहराचं वेड होतं तेवढंच राहिलं, आत शिरायचं दार तेवढं अरुंद झालं. नव्या स्टेडियमने ते रुंद केलं.

मजकूर इथेच थांबतो. आपण पुढची काही वर्षं बघू. २०००-०१मध्ये स्टेडियम वाढवून ४९ हजारांचं झालं होतं, संघ प्रीमियर लीगमध्ये सातवा आला, सरासरी ४६ हजारांच्या वर गेली. २००२-०३मध्ये संघाने पूर्ण हंगामात जेमतेम १९ गुण मिळवले आणि घसरला. त्याच्या पुढच्या हंगामात सरासरी किती? २७ हजार. तेच छत, त्याच खुर्च्या, तोच गाड्या लावायचा तळ. तीन वर्षांत जवळपास वीस हजार माणसं घरी बसली. प्रेक्षक स्टेडियममुळे आले म्हणायचं असेल, तर स्टेडियम जागच्या जागी असताना ते गेले का, याचंही उत्तर द्यावं लागेल.

मिडल्सब्रोचं तर आणखी स्पष्ट आहे. १९९५ला आयरसम पार्क सोडून क्लब रिव्हरसाइडला गेला आणि सरासरी १९ हजारांच्या आतून २९ हजारांवर पोचली. पण त्याच उन्हाळ्यात संघाला प्रीमियर लीगमध्ये बढती मिळाली होती, आणि शरद ऋतूत ब्राझीलचा खेळाडू जुनिन्यो तिथे येऊन दाखल झाला. बढती, जुनिन्यो आणि नव्या खुर्च्या एकाच वेळी आल्यावर सगळं श्रेय खुर्च्यांना कसं द्यायचं? २००९ला संघ प्रीमियर लीगमधून बाहेर पडला, आणि त्यानंतरच्या काही हंगामांत त्याच रिव्हरसाइडवर सरासरी सोळा-सतरा हजारांवर उतरली. आयरसम पार्कच्या शेवटच्या हंगामापेक्षाही कमी!

शिवाय नव्वदच्या दशकात इंग्लंडमध्ये सगळीकडेच पाणी चढत होतं. १९८५-८६मध्ये सगळ्या लीग सामन्यांना मिळून सुमारे १ कोटी ६५ लाख लोक आले होते. नव्या शतकाच्या सुरुवातीला हा आकडा पावणेतीन कोटींच्या पुढे गेला. नवं स्टेडियम न बांधलेल्या क्लबांचीही गर्दी वाढली. भरतीच्या वेळी सगळ्याच होड्या वर येतात. तेव्हा एका होडीचा नवा रंग दाखवून ती रंगामुळे वर आली म्हणणं बरोबर नाही.

ब्रायटनबद्दल थोडक्यात. २०१०-११मध्ये विदडीनवर सात हजारांच्या आसपास, पुढच्याच हंगामात अॅमेक्स स्टेडियमवर वीस हजार. पण विदडीन हे मुळात अॅथलेटिक्सचं मैदान. धावपट्टीपलीकडच्या उघड्या, तात्पुरत्या स्टँडमध्ये भिजत बसायचं. त्याआधी दोन वर्षं क्लब घरचे सामने दुसऱ्या परगण्यात, जिलिंगहॅममध्ये खेळत होता, कारण त्याचं गोल्डस्टोन मैदान विकलं गेलं होतं आणि १९९७मध्ये ते सोडावं लागलं होतं. त्या गोल्डस्टोनवर सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात सरासरी वीस हजारांहून जास्त माणसं यायची. अॅमेक्सने ती माणसं घडवली नाहीत, चौदा वर्षांनी त्यांना घर परत दिलं. आणि त्या वर्षी संघाला बढतीही मिळाली होती.

आता ‘खुर्च्या वाढल्या की माणसं येतात’ हा मुद्दा. ज्याला तो पटतो त्याने डार्लिंग्टनचा इतिहास जरूर वाचावा. इंग्लंडच्या चौथ्या पातळीवरचा छोटा क्लब. जुन्या फीदम्स मैदानावर काही हजार माणसं नेमाने यायची. मालक जॉर्ज रेनॉल्ड्स यांनी २५ हजार खुर्च्यांचं स्टेडियम बांधलं, आत सरकते जिने बसवले. ऑगस्ट २००३मध्ये किडरमिन्स्टर हॅरियर्सविरुद्ध पहिला सामना झाला, ११,६०० लोक आले. नव्या वास्तूचं कौतुक, पहिल्या दिवसाचा उत्साह, सगळं होतं, तरी अर्धंसुद्धा स्टेडियम भरलं नाही, आणि संघ २-० हरला. त्या स्टेडियममधला क्लबच्या प्रेक्षकसंख्येचा उच्चांक तोच ठरला. डिसेंबरात क्लब दिवाळखोरीच्या दारात उभा होता. पुढच्या वर्षांत दोन-तीन हजार माणसं त्या २५ हजार खुर्च्यांत विखरून बसायची. आपल्या डावी-उजवीकडे वीस-वीस खुर्च्या रिकाम्या असतील तर घोषणा द्यायलाही संकोच वाटतो, आवाज काँक्रीटवर आपटून परत येतो. रिकामेपणा माणसं पळवतो. छोट्या मैदानात तीच तीन हजार माणसं दणदणाट करतात. २०१२मध्ये क्लबने ते स्टेडियम सोडलं आणि आर्थिक पडझडीमुळे त्याला कितीतरी पातळ्या खालून नव्याने सुरुवात करावी लागली.

युव्हेंटसचं उदाहरण मजकुरात का घेतलं हेच मला कळत नाही, कारण ते उलट बाजूने साक्ष देतं. १९९०च्या विश्वचषकासाठी तुरिनमध्ये डेल्ले आल्पी उभं राहिलं, ६० हजारांच्या बरंच वर क्षमतेचं. तेही तेव्हा नवंकोरंच होतं. पण प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये धावपट्टी होती, मागच्या रांगेतून खेळाडूंचे नंबर वाचता येत नव्हते. इटलीतला सर्वाधिक चाहते असलेला हा क्लब तिथे रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळायचा. २००२च्या सुमाराला सांपदोरियाविरुद्धच्या कोपा इटालिया या इटलीतल्या चषक स्पर्धेच्या एका सामन्याला २३७ प्रेक्षक होते. दोनशे सदतीस! नंतर क्लबने ते पाडून त्याच जागी २०११मध्ये साधारण ४१ हजारांचं स्टेडियम बांधलं. खुर्च्या कितीतरी कमी केल्या, पहिली रांग मैदानापासून साडेसात मीटरवर आणली. ते भरायला लागलं. त्याच हंगामात संघ एकही लीग सामना न हरता विजेता ठरला, हेही हिशोबात धरा.

मजकुरात नसलेली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी: जाहीर होणारी प्रेक्षकसंख्या म्हणजे बहुतेकदा विकलेली तिकिटं, आत आलेली माणसं नव्हेत. सीझन तिकीटवाला, म्हणजे पूर्ण हंगामाचं तिकीट आधीच घेतलेला माणूस, घरी झोपला असला तरी त्याची खुर्ची मोजली जाते. वेस्ट हॅम २०१६मध्ये ३५ हजारांच्या अप्टन पार्कमधून लंडन स्टेडियमला गेला. सीझन तिकिटं स्वस्त ठेवली, जाहीर सरासरी ५५ हजारांच्या पुढे. पुढे माहिती अधिकाराखाली एका हंगामाचे प्रत्यक्ष गेटवरचे आकडे बाहेर आले, तेव्हा आत येणाऱ्यांची सरासरी ४३ हजारांच्या आसपास निघाली. मोठ्या मैदानात हा फरक वाढतो, कारण तिकीट कधीही मिळेल याची खात्री असते. आर्सेनलसारखा क्लब २००६मध्ये ३८ हजारांच्या हायबरीतून ६० हजारांच्या स्टेडियमला गेला तेव्हा दाराशी सीझन तिकिटाची लांबलचक प्रतीक्षा यादी होती. अशा क्लबाने मोठं स्टेडियम बांधणं योग्यच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

राहिला ‘लोक सरावतात’ हा मुद्दा. मला सगळ्यात जास्त खटकतो तो हाच. जुन्या मैदानात माणसाची एक खुर्ची असते. शेजारी कोण, मागे कोण ओरडतो, कुठल्या जिन्याने गेलं की गर्दी टाळता येते, हे वीस-वीस वर्षांत पायांत मुरलेलं असतं. नव्या स्टेडियममध्ये खुर्च्यांचं वाटप नव्याने होतं आणि ती रांग फुटते. सामन्याला येण्याचं अर्धं कारण तीच रांग असते. वेस्ट हॅमचे लोक सरावले का? मार्च २०१८मध्ये बर्नलीविरुद्ध ०-३ हरताना प्रेक्षक मैदानात उतरले, एकाने कोपऱ्यातला झेंडा उपटून मैदानाच्या मध्यभागी रोवला. संचालकांसमोर घोषणा झाल्या, आणि त्या नुसत्या निकालाबद्दल नव्हत्या.

कोव्हेंट्री सिटी तर आकड्यांतच बोलतो. नव्या स्टेडियमच्या भाड्यावरून वाद झाला आणि २०१३-१४मध्ये क्लब दुसऱ्या शहरात, नॉर्थॅम्प्टनला खेळायला गेला. सरासरी अडीच हजारांच्या आत. सप्टेंबर २०१४मध्ये कोव्हेंट्रीत परतल्यावर पहिल्या सामन्याला २७,३०६. संघ तिसऱ्या पातळीवरच होता. म्युनिकचा ‘१८६०’ नावाचा क्लब त्याच शहरातल्या बायर्नशी वाटून घेतलेल्या आलियान्झ अरेनात खेळायचा, जगातल्या उत्तम स्टेडियमांपैकी एकात, आणि बहुतेक वेळा दोन तृतीयांश खुर्च्या रिकाम्या. २०१७मध्ये चौथ्या पातळीवर फेकला गेला आणि आपल्या जुन्या, छोट्या ग्र्युनवाल्डर स्टेडियममध्ये परतला. तिकिटं संपायला लागली.

नवेपणाचा जोर किती टिकतो यावर अमेरिकी खेळांच्या बाबतीत कोट्स आणि हम्फ्रीज या अर्थतज्ज्ञांनी २००५मध्ये अभ्यास केला होता. बेसबॉल आणि बास्केटबॉलमध्ये तो काही वर्षं दिसतो, अमेरिकन फुटबॉलमध्ये जवळपास नाहीच. म्हणजे कायमची वाढ तिथेही गृहीत धरता येत नाही.

एव्हर्टनचा पुरुष संघ २०२५मध्ये गुडिसन पार्क सोडून नदीकाठच्या बावन्न हजारांच्या स्टेडियमला गेला. गुडिसन वर्षानुवर्षं भरत होतं, त्यामुळे नवंही भरेल असं मला वाटतं. माझं लक्ष गुडिसनकडे आहे. तिथे आता एव्हर्टनचा महिला संघ खेळतो, जो आधी वॉल्टन हॉल पार्कच्या सव्वादोन हजारांच्या मैदानावर खेळायचा. पहिल्या सामन्याचे फोटो सगळेच बघतील. मी आकडा शोधणार आहे तो तिसऱ्या हंगामातल्या एखाद्या पावसाळी रविवारचा, संघ तक्त्यात मध्येच कुठेतरी असतानाचा, आणि तोही गेटवर मोजलेला.