ट्रोपोनिन वाढलं म्हणून उपचार बंद? त्या मेसेजला उत्तर

घरात फुप्फुसाच्या कॅन्सरचा पेशंट असेल तर हा मेसेज कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर तुमच्यापर्यंत पोचला असेल. हात जोडलेल्या इमोजींसकट तो बराच लांब आहे. सार असं: ‘कॅन्सरमध्ये ट्रोपोनिन आणि बीएनपी वाढतातच, त्यामुळे या टेस्टना अर्थ नाही. हॉस्पिटलवाले पैसे उकळायला करायला लावतात. रिपोर्ट वाढलेला आला तर समजा केमोने हार्ट खलास केलं, ट्रीटमेंट ताबडतोब बंद करा. इको नॉर्मल असेल तर हृदयाची चिंता सोडा.’

पहिल्याच दमात गोची आहे. टेस्टला अर्थ नसेल तर तिच्या आकड्यावरून उपचार कशाला बंद करायचे? लिहिणाऱ्याने एक काय ते ठरवायला हवं होतं. पण लॅबमध्ये अशा रिपोर्टांवर सही करणं हे माझं रोजचं काम आहे आणि यातली अर्धवट खरी वाक्यं किती घोळ घालतात ते दिसतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘कॅन्सरमध्ये वाढतातच.’ वाढतातच असं नाही, पण वाढू शकतात. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. स्नायूच्या पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरतं. हल्लीच्या हाय-सेन्सिटिव्हिटी टेस्ट इतक्या बारीक मोजतात की निरोगी माणसातही थोडंफार सापडतं. ट्रोपोनिनचे टी आणि आय असे दोन प्रकार मोजतात. ट्रोपोनिन टी साठी लिटरला १४ नॅनोग्रॅम ही सर्वसाधारण रेघ धरतात. निरोगी लोकांपैकी ९९ टक्के तिच्या आत असतात. आता फुप्फुसाच्या कॅन्सरचा नेहमीचा पेशंट डोळ्यांसमोर आणा. साठी ओलांडलेली, पुष्कळदा वर्षानुवर्षं बिडी-सिगारेट, जोडीला ब्लड प्रेशर, थकलेल्या किडन्या, हिमोग्लोबिन नऊ. असा माणूस केमोचा पहिला थेंब जाण्याआधीच त्या रेघेच्या वर असू शकतो.

बीएनपी हे हृदयातून रक्तात येणारं संप्रेरक. ते आणि त्याचं भावंड एनटी-प्रोबीएनपी वाढतात ते हृदयावर ताण आला की. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली, हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साठलं, ठोके अनियमित झाले, किडनी मंदावली, तरी वाढतात. पहिल्या दोन गोष्टी या कॅन्सरमध्ये अजिबात दुर्मीळ नाहीत. आकडा वाढला म्हणून ‘हे तर असतंच’ म्हणत सोडून दिलं, तर एखादे वेळी जिवावर उठलेली गुठळी नजरेतून सुटेल.

आणि वाढलेला आकडा निरर्थक तर नाहीच. व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये ५५५ कॅन्सर पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यापैकी कुणाचेच उपचार तेव्हा सुरू झालेले नव्हते. ज्यांचे हे आकडे जास्त, त्यांचा मृत्यूचा धोकाही जास्त निघाला.

‘केमोने हार्ट खलास.’ ही भीती दुसऱ्या कॅन्सरकडून उसनी आणलेली आहे. हृदयाच्या स्नायूला थेट इजा करण्यासाठी बदनाम असलेलं औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन, ज्याला पेशंट ‘लाल औषध’ म्हणतात. ते मुख्यतः स्तनाच्या कॅन्सरमध्ये आणि लिम्फोमामध्ये वापरतात. फुप्फुसासाठी नेहमी दिली जातात ती सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन, सोबत पेमेट्रेक्सेड, पॅक्लिटॅक्सेल किंवा इटोपोसाइड. ही काही साधीसुधी औषधं नव्हेत, पण त्यांच्या खोड्या वेगळ्या. सिस्प्लॅटिनने गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, आणि त्याच्यासोबत किडनी सांभाळायला बाटल्यांवर बाटल्या सलाइन चढवावं लागतं, तो भार कमजोर हृदयाला झेपेलच असं नाही. ईजीएफआर या जनुकात बदल असलेल्या कॅन्सरसाठीच्या गोळीत, म्हणजे ओसिमर्टिनिबमध्ये, ईसीजीतला क्यूटी (ठोक्यातल्या विद्युत क्रियेचा वेळ) लांबणं आणि काही जणांत हृदयाचं पंपिंग कमी होणं यावर लक्ष ठेवतात.

मेसेजमध्ये रेडिएशनचा उल्लेखच नाही, हे मला जास्त खटकलं. फुप्फुसाच्या शेजारीच हृदय आहे. उत्तर अमेरिकेतल्या आरटीओजी ०६१७ या चाचणीत तिसऱ्या स्टेजच्या पेशंटना ६० ऐवजी ७४ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचं एकक) देऊन पाहिलं. निकाल उलटा लागला: जगण्याचा मध्यक २८.७ महिन्यांवरून २०.३ वर आला, आणि हृदयाला किती रेडिएशन लागलं याचा जगण्याशी संबंध दिसला. तेव्हापासून आखणी करताना हृदय वाचवण्याकडे जास्त लक्ष जातं.

शिवाय ट्रोपोनिनच्या एका वाढलेल्या आकड्यावर हार्ट अटॅकचंही निदान होत नाही. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे आकडा चढता किंवा उतरता दिसायला हवा आणि त्याच्याबरोबर छातीतली लक्षणं, ईसीजीतला बदल किंवा तसाच दुसरा पुरावा हवा. काही तासांच्या अंतराने पुन्हा रक्त घेतात ते याचसाठी. आज २२, तीन तासांनी २३, महिन्यापूर्वीही २१, तर हे जुनंच दुखणं आहे.

या तुलनेतही एक खड्डा आहे. एका लॅबच्या कागदावर ०.०२२ लिहिलेलं असतं, दुसरीच्या कागदावर २२. नातेवाईक फोन करतात, ‘हजारपट वाढलं हो!’ पहिल्या कागदावर एकक नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आहे, दुसऱ्यावर नॅनोग्रॅम प्रति लिटर. दोन्ही आकडे एकच. एकक सारखं असलं तरी ट्रोपोनिन आय आणि ट्रोपोनिन टी एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या ट्रोपोनिन आयचे आकडेसुद्धा जुळत नाहीत. म्हणून शक्यतो लॅब तीच ठेवा.

‘पैसे उकळण्याचा धंदा.’ लॅबवाल्याने याला उत्तर द्यायचं म्हणजे तुम्ही भुवया उंचावणारच. प्रत्येक खेपेला सीके-एमबी, डी-डायमर सगळं घातलेलं ‘कार्डिअॅक पॅकेज’ करायची गरज नसते. गुठळीच्या संशयासाठी करतात ते डी-डायमर तर कॅन्सरमुळेच वाढलेलं असू शकतं. लक्षणं नसताना प्रत्येक डोसआधी ट्रोपोनिन करावं का, यावरही डॉक्टरांत मतभेद आहेत. पण इम्युनोथेरपी सुरू करण्याआधी एकदा ईसीजी, ट्रोपोनिन आणि बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी करून ठेवावं, असं युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. ही टेस्ट आजसाठी नसतेच. सहा आठवड्यांनी दम लागला आणि ट्रोपोनिन ४० आलं, तर आधीचं ९ होतं की ३८, यावर पुढचं सगळं ठरतं.

‘इको नॉर्मल तर चिंता सोडा.’ मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. पेम्ब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब, अॅटेझोलिझुमॅब, डुर्व्हालुमॅब ही इम्युनोथेरपीची औषधं शरीराच्या प्रतिकारशक्तीचा ब्रेक सोडतात. क्वचित, शंभरात साधारण एकाला किंवा त्याहून कमी जणांना, तीच प्रतिकारशक्ती हृदयाच्या स्नायूवर उलटते. याला मायोकार्डायटिस म्हणतात. आकडा छोटा, पण झालं तर चौघांत एक किंवा त्याहून जास्त दगावतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा त्रास मध्यकाने ३४ व्या दिवशी सुरू झालेला दिसला, बहुतेकांना पहिल्या तीन महिन्यांत. ट्रोपोनिन ९४ टक्क्यांत वाढलेलं होतं. इकोवरचं पंपिंग मात्र जवळजवळ निम्म्यांत नॉर्मल होतं.

याच आजाराच्या जोडीला कधी अंगातले स्नायूही सुजतात. पापणी खाली येते, एकाचे दोन दिसतात, मान धरवत नाही. अशा वेळी ट्रोपोनिन टी हातापायांच्या स्नायूंमधूनही आलेलं असू शकतं, म्हणून डॉक्टर ट्रोपोनिन आय आणि स्नायूंची इजा दाखवणारं सीपीके मागवतात. तेव्हा ‘परत परत टेस्ट’ म्हणून वैतागू नका.

रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी डोळे झाकून बसायचं नाही. अंगाने जाड माणसात बीएनपी मुळातच कमी येतं. रेडिएशनचा परिणाम महिन्यांनी, वर्षांनीही दिसतो. आणि केमोत केस गळतात म्हणून मेडिकलमधून आणलेल्या जास्त ताकदीच्या बायोटिनच्या गोळ्या काही मशीनवर ट्रोपोनिन खोटं कमी दाखवतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्येच तसा इशारा दिला होता. रक्त द्यायला याल तेव्हा त्या गोळीचं नाव सांगा. आम्ही विचारायला हवं, पण गर्दीत राहून जातं.

राहिलं ‘ताबडतोब बंद करा’. खरोखर मायोकार्डायटिसचा संशय असेल तर इम्युनोथेरपी त्याच दिवशी थांबवतात आणि मोठ्या मात्रेत स्टेरॉइड सुरू करतात, तिथे तासातासाला किंमत असते. उलट किडनीच्या पेशंटचा २२ वर स्थिर राहिलेला आकडा बघून केमो चुकवली, तर फायदा फक्त गाठीचा. दोन्हींतला फरक कॅन्सरचे आणि हृदयाचे डॉक्टर फाइल पुढ्यात घेऊन करतात, कागदावरच्या लाल अक्षरांवरून तो होत नाही. इम्युनोथेरपीवरच्या माणसाला रात्री-अपरात्री दम लागला, छातीत धडधडलं किंवा डोळ्यांसमोर अंधारी आली तर सरळ कॅज्युअल्टी गाठा आणि ‘कॅन्सरची ट्रीटमेंट चालू आहे’ एवढ्यावर थांबू नका. औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख सांगा, पहिला ट्रोपोनिनचा कागद हातात द्या. नाहीतर ड्यूटीवरचा डॉक्टर साहजिकच आधी हार्ट अटॅकच्याच मागे लागेल.