नाकासमोरचा कांदा

आमच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री दहानंतर सुरक्षिततेची अशी काही भरती येते की, घरातली एकही वस्तू आता मला निरुपद्रवी वाटत नाही. परवा ठाण्याच्या मित्राने कळवले की, सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच; गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन हे गंधकयुक्त द्रव्य मुद्दाम मिसळतात, आणि हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. एवढे ज्ञान घेऊन मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर वास आला. ओट्याखालून आणि अगदी जमिनीलगत.

"दिव्याचं बटण दाबू नकोस!" असे मी इतक्या जोरात ओरडलो की, गाढ झोपलेली सौ. दचकून उठली आणि तिचा हात आधी बटणाकडेच गेला. तो वेळीच धरला. अंधारात चाचपडत रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या (भाद्रपदातला पाऊस आमंत्रणाची वाटच पाहत होता), आणि जिन्यात येऊन १९०६ हा आपत्कालीन क्रमांक लावला. बनियनवर उभे राहून स्वतःचा ग्राहक क्रमांक आठवणे किती अवघड असते, ते ज्याचे त्यालाच ठाऊक. वरच्या मजल्यावरचे काका खाली आले, हुंगले आणि म्हणाले, "मला तर दोन दिवसांपासून येतोय. म्हटलं, उंदीर मेला असेल."

मेकॅनिक आला तो अगदी निवांत. त्याने रेग्युलेटरला आणि नळीला साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा फुगला नाही. नळीला पाच वर्षे व्हायची होती. सिलिंडरच्या पट्टीवरचे अक्षर त्याने टॉर्चने दाखवले, "डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. चाचणीची मुदत आहे अजून." मग तो थांबला, पुन्हा हुंगला आणि सिलिंडरमागची गोणी त्याने ओढून काढली. सासुरवाडीहून, निफाडहून आलेला तो उन्हाळ कांदा होता. तळाशी घातलेले त्याचे बोट एका कांद्यात सरळ आत गेले आणि काळपट पाणी फरशीवर ओघळले.

"साहेब, गॅस नाही. कांदा सडलाय."

कांद्याचा वासही गंधकाच्याच संयुगांचा, तेव्हा माझे नाक शास्त्राला धरूनच चालले होते, हे मी सौ.ला समजावून पाहिले. परंतु ज्या जिल्ह्यात लासलगावची बाजारपेठ आहे, तिथल्या माणसाच्या तोंडी हा बचाव शोभत नाही, असे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेले होते.

रात्री एक वाजता गॅलरीत वर्तमानपत्र पसरून आम्ही कांदे निवडत बसलो असताना ठाण्याच्या मित्राचा निरोप आला, "काय रे, झालं काय?"

मी हात पुसून लिहिले, "गळती होती. थांबवली."