हॉलमधल्या आठ वाघिणी

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात. इंग्रजी वॅगन आपल्या लोकांच्या तोंडात पडली आणि मिशा-शेपूट फुटून बाहेर आली. हे ठाऊक नसलेल्या माणसासमोर फोनवर ‘माझी एक वाघीण वाटेत मोडली, तेवढी दुसरी पाठवा’ असं बोलू नये. मी बोललो. रिक्षावाला कल्याण स्टेशन येईपर्यंत आरशातून माझ्याकडे बघत होता आणि सुटे पैसे त्यानं न मागता परत दिले.

मला मालगाड्यांची मॉडेलं करण्याचा नाद आहे. लोकांना इंजिनं आवडतात, राजधानी-शताब्दी आवडतात. मला कोळशानं काळी पडलेली, पत्र्याला पोचे आलेली बॉक्सएन, म्हणजे वरून उघडी कोळशाची वाघीण, आवडते. खरी बॉक्सएन कपलिंगपासून कपलिंगपर्यंत १०.७१ मीटर लांब. ८७ पटींनी लहान केली की १२ सेंटिमीटरच्या जरा वर. हातात मावते, कपाटात राहते, म्हणून मी खुशीत होतो. मग लक्षात आलं की खरा रेक, म्हणजे आख्खी मालगाडी, ५८ वाघिणींचा असतो. इंजिन आणि मागची ब्रेक व्हॅन, म्हणजे गार्डचा डबा, धरून माझी गाडी साडेसात मीटर भरणार होती. आमचा हॉल चौदा फूट. म्हणजे इंजिन गॅलरीत कपडे वाळत घालतं आहे आणि गार्ड अजून स्वयंपाकघरात फोडणी बघतो आहे, असा प्रकार. बायकोनं हिशेब ऐकून घेतला आणि बारा वाघिणी मंजूर केल्या. दिवाणखालची जागा धरून.

दुसरा घोळ रुळांचा. या मापाचे तयार रूळ मिळतात ते १६.५ मिलिमीटर रुंदीचे, कारण ते युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी केलेले आहेत. आपली ब्रॉड गेज १६७६. तिला १९ मिलिमीटरच्या वर रूळ हवा. आपल्याकडे एवढा रुंद रूळ आला तो लॉर्ड डलहौसीच्या काळात. साहेबाला तर पूर्ण सहा फूट हवे होते, तडजोड साडेपाचावर झाली. एवढा दूरदृष्टीचा माणूस, पण पुढे कल्याणला एक जण हॉलमध्ये मालगाडी चालवणार आहे हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. परिणामी माझ्या सगळ्या वाघिणी अंगानं भारतीय आणि पायांनी परदेशी आहेत. आपल्याकडे या रुळांवर फार तर मेट्रो शोभते.

डबे मी घरी करतो. बाजू, टोकं, तळ सगळं लग्नपत्रिकांतून. जाड पत्रिका या कामाला फार छान. हल्ली लोक पत्रिकेवर एवढा खर्च करतात की एका लग्नात दोन वाघिणी निघतात. माझ्या तिसऱ्या बॉक्सएनच्या आतल्या अंगाला अजून ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ असं दिसतं, म्हणून तिच्यात कोळसा कायम भरलेला असतो. कोळसा म्हणजे वाळवलेली चहापत्ती. एकदा आमच्या मावशींनी ती सगळी गुलाबाच्या कुंडीत घातली. एकलहऱ्याच्या वीज केंद्राला निघालेला आख्खा रेक गुलाबाला गेला. गुलाब मात्र त्या वर्षी खरंच चांगला आला.

बाजूच्या पट्ट्या चिकटवणं हे काम चिमट्यानं, श्वास रोखून करायचं. एकेक पट्टी दीड मिलिमीटरची. सुईच्या टोकावर गोंदाचा थेंब घ्यायचा, तो टेकवायचा, पट्टी उभी धरायची, मनात वीस आकडे मोजायचे. अठराला दारावरची बेल वाजते. पट्टी बोटाला चिकटते. दार उघडायला जावं तर बोट घेऊनच जावं लागतं, आणि बोटाला आता वाघीणही लागलेली असते. इस्त्रीवाल्यानं पहिल्या वेळी विचारलं होतं. हल्ली तो नुसते कपडे ठेवून जातो.

आणि मग गंज. नव्या रंगाची वाघीण खोटी दिसते. तिच्यावर विटेची पूड, पेन्सिलीचं शिसं, पातळ केलेला तपकिरी रंग असं एकेक बसवत तिला वीस वर्षांनी म्हातारी करावं लागतं. बायको एकीकडे गॅलरीच्या ग्रिलचा गंज पॉलिशपेपरनं काढत होती आणि मी दुसरीकडे नव्या वस्तूला गंज चढवत होतो. ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “अहो, एवढीच हौस असेल तर ग्रिलचा काढलेला देते. खरा आहे.” मी तो घेतला. फार सुंदर बसला.

इथपर्यंत सगळं सुखाचं होतं. मग बाबा आमच्याकडे राहायला आले.

बाबा रेल्वेत गार्ड होते. उमेदीची सगळी वर्षं मालगाडीवर, भुसावळ ते मनमाड आणि परत. २०२२ पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, ते त्यांना मुळीच पटलेलं नाही. “मॅनेजरला डोक्यावर पंखा असतो,” म्हणतात. मला वाटलं होतं, मुलानं मालगाडी केली म्हटल्यावर त्यांचा ऊर भरून येईल. त्यांनी चष्मा लावला, रांगेनं उभ्या केलेल्या बारा वाघिणी बघितल्या आणि विचारलं, “ही गाडी कोणी लावली?”

“मी.”

“या चार चारचाकी. व्हॅक्यूमच्या. या आठ बॉक्सएन. एअर ब्रेकच्या. एकीची नळी हवा ओढून घेते, दुसरीची हवा भरून घेते. एका गाडीत जोडल्यास ब्रेक कोण लावणार, तुझा काका?”

दोन्ही वाघिणी एकाच लग्नाच्या कागदातून निघालेल्या, तरी पत्रिका जुळेना. चारचाकी कपाटात गेल्या. उरल्या आठ. त्यांचे नंबर बघायला बाबांनी पंचांगाचं भिंग मागवलं. हल्लीच्या वाघिणीचा नंबर अकरा आकडी असतो: आधी प्रकार, मग कुठल्या रेल्वेची, मग बांधणीचं साल, मग अनुक्रमांक, आणि शेवटचा आकडा आधीच्या दहांवरून हिशेबानं येतो, पडताळणीसाठी. मी आपले डोळ्यांना बरे दिसतील असे आकडे घातले होते. बाबांनी पेपरच्या कडेला आठही बेरजा मांडल्या. एकीचा शेवटचा आकडा जुळला, तोही योगायोगानं. बाकीच्या सात त्यांच्या मते अस्तित्वातच नव्हत्या.

“नसलेल्या वाघिणींची गाडी मी घेत नाही,” असं म्हणून ते पेपर वाचायला बसले. मी दोन रात्री जागून आकडे बदलले.

ब्रेक व्हॅन मात्र त्यांनी हातात घेतली ती बराच वेळ खाली ठेवली नाही. चारचाकी, मागेपुढे छोटा व्हरांडा. आत डोकावले. “खुर्ची?” मी म्हटलं, आत काय दिसणार म्हणून केली नाही. “बरोबर आहे. असून नसल्यासारखीच असायची.” मग सांगायला लागले. चारचाकीत लिहिता यायचं नाही. वेळ नोंदवायला पेन टेकवावं तर तीनचा आठ व्हायचा. दिवा नाही, पंखा नाही, संडास नाही. वाघळीच्या लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, गाडी उभी केली की एक मेल जायची, दुसरी जायची, डब्यातली भाकरी संपायची, स्टेशनवरचं कुत्रं ओळखीचं व्हायचं, तरी सिग्नल पडायचा नाही. एकदा सावद्याला भरलेली केळी मुंबईला निघाली होती आणि गाडी एवढा वेळ अडकली की वारा पडल्यावर पुढच्या वाघिणीतून पिकल्याचा वास यायला लागला. “इंजिन सहाशे मीटर पुढे. त्यातला माणूस कोण, जाड की बारीक, काही पत्ता नाही. सबंध नोकरीत मी गाडीचं शेपूट बघितलं. ही बाजूनं अशी दिसते होय?”

एवढं बोलून त्यांनी व्हॅन खाली ठेवली आणि म्हणाले, “मागे एलव्हीची, लास्ट व्हेइकलची, पाटी नाही. पाटी नसेल तर स्टेशनमास्तरला कसं कळणार, गाडी पूर्ण आली की अर्धी वाटेतच राहिली?”

रविवारी गाडी सोडायचं ठरलं. मी टीपॉयपासून दिवाणापर्यंत चढ बांधला होता. कसारा आणि कर्जतच्या दोन्ही घाटांत कमाल चढ ३७ला १ आहे, तोच धरला: ३७० सेंटिमीटर रूळ आणि १० सेंटिमीटर उंची. उंचीसाठी खाली दिवाळी अंक. कोपऱ्यात वळणाला जागा नव्हती म्हणून तिथं रिव्हर्सिंग स्टेशन केलं; १८६३ साली भोर घाट उघडला तेव्हा खंडाळ्याजवळ इंग्रजांनीही असंच इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावलं होतं, तर माझी काय मोठी लाज! हे सगळं मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “बीपीसी आण.”

बीपीसी म्हणजे ब्रेक पॉवर सर्टिफिकेट. गाडी तपासणाऱ्या टीएक्सआरनं ते दिल्याशिवाय गार्ड हलत नाही. तेव्हा घरातला टीएक्सआर म्हणून मी गुडघ्यांवर बसलो आणि सोळा बोग्या (दर वाघिणीखालचे चाकांचे दोन-दोन गाडे), बत्तीस आस, चौसष्ट चाकं पेन्सिलीनं ठोकली. कागदावर लिहून सही केली. बाबांनी तारीख नाही म्हणून परत पाठवलं. तेवढ्यात बायको चहाचा ट्रे घेऊन रूळ ओलांडू लागली, तर तिला फाटक बंद असल्याचं सांगण्यात आलं. चहा निवला. मग चिरंजीवांना आपली खेळण्यातली लाल गाडी पळवायची होती. ती मेल, म्हणून मालगाडी लूपला. चिरंजीवांनी मेल सतरा वेळा नेली.

अकरा वाजता बाबांनी ट्रंकेतली खरी हिरवी झेंडी काढली. शिटी तोंडानं वाजवली. इंजिन निघालं. आठ वाघिणी, चहापत्ती भरलेल्या, गंज खरा, नंबर खरे, एकेक सांधा टकटक करत दिवाळी अंकांवर चढू लागल्या. मला भरून आलं.

“बँकर?” बाबांनी विचारलं. घाट चढताना मागून ढकलायला दुसरी इंजिनं लावतात, ती. माझ्याकडे एकच इंजिन होतं.

“आठच तर आहेत, बाबा.”

ते काही बोलले नाहीत. गाडी शेवटच्या अंकाशी पोचली आणि चौथ्या-पाचव्या वाघिणीमधलं कपलिंग निसटलं. पुढच्या चार इंजिनाबरोबर दिमाखात दिवाणावर गेल्या. मागच्या चार, ब्रेक व्हॅनसह, क्षणभर घुटमळल्या आणि उलट्या निघाल्या. खाली येईपर्यंत असा काही वेग धरला की टीपॉय ओलांडून, मामाच्या लग्नाचं आमंत्रण देत, सोफ्याखाली गेल्या. चहापत्ती सगळीकडे.

मी सोफ्याकडे धावलो. बाबा उठले, पण दुसऱ्याच दिशेला. एरवी त्यांना सोफ्यावरून उठवायला दोन माणसं लागतात.

“गाडी दुभागली. आधी मागची बाजू सुरक्षित करायची. सहाशे मीटरवर एक फटाका, बाराशेवर तीन, दहा-दहा मीटरांवर. तुझ्या मापात किती होतात?”

मी मोबाइलवर भागाकार केला. ६.९ मीटर. १३.८ मीटर. आणि साडेअकरा सेंटिमीटर.

मागून दुसरी गाडी येत असेल तर तिच्या चाकाखाली फुटून ड्रायव्हरला सावध करायला गार्डजवळ हे फटाके असतात. घरात दिवाळीतले उरलेले आपटबार होते. एक चपलांच्या स्टँडपाशी पडला. उरलेले तीन बाबांनी दाराबाहेर, लिफ्टच्या तोंडाशी, चिरंजीवांच्या कंपासपेटीतली पट्टी लावून मांडले आणि स्वतः लाल झेंडी धरून उभे राहिले. मी “बाबा, आत या” म्हणेपर्यंत लिफ्ट उघडली. समोरच्या ब्लॉकमधले काका, दोन हातांत दोन पिशव्या.

फट्. फट्. फट्.

काका एक पाय हवेत ठेवून थांबले. पिशवीतून एक कांदा निघून जिन्यानं खाली गेला.

“थांबला!” बाबा माझ्याकडे वळून म्हणाले. सबंध नोकरीत त्यांना हे फटाके खरोखर लावायची वेळ आली नव्हती. मग काकांना म्हणाले, “पुढे मालगाडी अडकलीय.”

काका पस्तीस वर्षं सकाळची फास्ट पकडून मुंबईला जात होते. ते ना घाबरले, ना चिडले. त्यांनी पाय खाली ठेवला, पिशव्या खाली ठेवल्या आणि अगदी सवयीनं विचारलं, “किती वेळ लागेल? नाहीतर आम्हाला बाजूनं काढा की.”

बाबांनी कॉरिडॉरची रुंदी नजरेनं मोजली. लाल झेंडी गुंडाळली, हिरवी काढली आणि हळूहळू वर-खाली हलवली. जपून या. काका भिंतीला पाठ लावून, पाऊल-पाऊल सरकत, आमच्या दारावरून पुढे गेले.

संध्याकाळी बाबांनी वहीत रिपोर्ट लिहिला. सुटली ११ वाजता, अडकली ११ वाजून ४ मिनिटांनी. मालाचे नुकसान, चहापत्ती एक वाटी. कपलिंग जोडणाऱ्यास समज देण्यात यावी. खाली मी सही केली, ‘समज मिळाली’ असं लिहून. बाबांनी तारीख नाही म्हणून वही परत दिली.