जुनी गाडी घेतलीत? आता आधीच्या मालकाला सोडू नका!

अभिनंदन! गाडी घेतलीत, पैसे दिलेत, चावी खिशात आली. काही भोळ्या लोकांना वाटतं की इथे व्यवहार संपला. चूक. व्यवहार आता सुरू होतो. मी पाच महिने विकणाऱ्याच्या बाजूने ही शिकवणी घेतोय, तीही फुकट, तर म्हटलं तुम्हालाही चार गोष्टी सांगाव्यात.

घेताना गाडी बघितल्यासारखं करायचं. सोबत आमच्या नाशिकच्या वडाळा नाक्याकडचा एक मेकॅनिक आणा, मेहुणा आणा, मेहुण्याचा मित्र आणा, बोनेट उघडून चौघांनी आत डोकं घाला, ऑइलची काडी काढून वास घ्या, मग ट्रायल म्हणून गंगापूर धरणापर्यंत जाऊन या, येताना सोमेश्वरला थांबून भजी खा, पेट्रोल काय, मालकाचंच असतं. मेकॅनिकने "क्लचचं काम निघेल" म्हटलं की २ लाख ४० चे २ लाख १० करून घ्या. आणि ते तीस हजार कशाचे कमी केले हे मुंबई नाक्याचं सर्कल ओलांडायच्या आत विसरून जा. कारण पुढे तीच क्लचप्लेट परत मागायचीये.

पहिला फोन तिसऱ्या दिवशी. "काका, एसी गार करत नाही." हा फोन एप्रिलात दुपारी दीडला, सीबीएसच्या सिग्नलला उभं राहूनच करायचा. २०१४ ची वॅगनआर आहे बाबा, बर्फाची फॅक्टरी नाही.

काकांनी फोन उचलला नाही तर काकूंना लावा.

नंतर बॅटरी, मग टायर, मग "ॲव्हरेज देत नाही". गाडीत चिल्लर सापडली तर मात्र फोन करू नका.

इन्शुरन्सबद्दल बोलताना "तुमचा नो क्लेम बोनस पण मला मिळेल ना?" असं गोड आवाजात विचारा. तो बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, माणसाचा असतो, गाडीसोबत जात नाही, हे समोरच्याने तीनदा सांगितलं तरी चौथ्यांदा विचारायला काय जातंय.

आता मुख्य गोष्ट. गाडी नावावर करू नका. कधीच नका. समोरच्याने गाडी नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून दिल्यात ना, आधारची झेरॉक्स दिलीये ना, ते सगळं पिशवीत घालून कपाटात ठेवा. "काका, या आठवड्यात एजंटकडे देतो" हे वाक्य पाठ करा. मग आठवडा झाला की पितृपक्ष, लगीनसराई, मुलाची परीक्षा, एजंटच गावाला गेलाय, आरटीओचा सर्व्हर डाऊन, काहीही चालतं. पेठ रोडचं आरटीओ ऑफिस तुमच्या घरापासून वीस मिनिटांवर असलं तरी चंद्रावर असल्यासारखं बोलायचं. ओटीपी लागेल म्हणता? अहो, मी रात्री दोनला उठून दिला असता ओटीपी, मागा तर खरं! आणि नावावर होत नाही तोवर हायवेला मनसोक्त गाडी हाणा. स्पीडगनने फोटो काढला की २००० चं चलन तुम्हाला येत नाही, ते माझ्या मोबाईलवर येतं, मी बँकेत रांगेत उभा असताना. मी तुम्हाला पाठवायचं, तुम्ही दोन निळ्या टिका द्यायच्या आणि गप्प बसायचं. तीन चलनं झाली. तिन्ही मी भरली. फास्टॅग बंद करायचा राहिला होता माझा, ही माझी चूक, कबूल, पण घोटीच्या टोलला पैसे कटल्याचा मेसेज आल्यावर "काका, मला वाटलं गाडीसोबतच असतो" हे म्हणायला तोंड कसं रे झालं तुझं?

जाऊ दे, आता उपरोध जमत नाहीये.

सरळ सांगतो. चलनाचे पैसे गेले खड्ड्यात. तू उद्या कसारा घाटात कुणाला ठोकलंस तर नोटीस माझ्या दारात येईल. कायद्यात मालक म्हणजे ज्याचं नाव आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, तो. २०१८ साली सुप्रीम कोर्टात असंच प्रकरण होतं, गाडी हातोहात चार वेळा विकली गेलेली आणि आरसीवर नाव पहिल्याचंच, तर भरपाई त्याच्याच गळ्यात पडली. ज्याने ती गाडी अपघाताच्या जवळजवळ दोन वर्षं आधीच विकून टाकली होती! आणि तुला वाटतं मी कटकट्या म्हातारा आहे. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. माझे १४ दिवस तुझ्या "देतो काका"वर विश्वास ठेवण्यात गेले, हा गाढवपणा माझा. फॉर्म तुझ्या हातात द्यायलाच नको होते, पैसे घेतले त्याच दिवशी तुला मागे बसवून पेठ रोडला न्यायला हवं होतं. पण तुझे पाच महिने कशात गेले? माझ्या घरी लेकीसारखी वापरलेली गाडी आहे ती, दर पाच हजारला ऑइल बदललंय, आणि तू मला फसवणारा म्हणतोस, तेही माझ्या बायकोला फोन करून?

सोमवारी अकराला मी आरटीओच्या गेटवर उभा आहे. ते फॉर्म, तुझं आधार, इन्शुरन्स, पीयूसी घेऊन ये. आला नाहीस तर मी एकटा आत जाऊन लेखी देतोय की गाडी कुणाला, कधी, कितीला विकली, सोबत तुझ्या सहीची पावती.

आणि आत्ता हे लिहिताना फुटक्या वायपरचा फोटो पाठवलायस ना, ते दोन्ही वायपर मी मार्चमध्ये नवे टाकले होते. बिल आहे माझ्याकडे.